थकव्याच्या गर्दीत लपलेली ग्रंथी

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर एखाद्या बाईला काय होतंय म्हणून विचारलं, तर उत्तर बहुतेक वेळा एका शब्दात येतं: थकवा. लावणीला वाकलं की उभं राहवत नाही, पाण्याचा हंडा पूर्वीसारखा उचलत नाही, रात्रभर झोपूनही अंग जडच राहतं. या थकव्याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. अंगात रक्त कमी आहे, बाळंतपणं पाठोपाठ झाली आहेत, पोटभर जेवणाची खात्री नाही, काहींच्या रक्तात सिकलसेल आहे आणि कष्ट तर रोजचेच. इतकी कारणं दारात उभी असताना आणखी एक कारण कोण शोधणार? थायरॉईडचा आजार लपतो तो इथेच. त्याची लक्षणं दुर्मीळ नसतात. उलट ती इतकी ओळखीची असतात की त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. थायरॉईडच्या ‘समग्र’ उपचारांबद्दल हल्ली पुष्कळ बोललं जातं, आणि त्या शब्दाचा अर्थ बहुधा ‘गोळी न घेता’ असा लावला जातो. मला तो अर्थ मान्य नाही. समग्र दृष्टी म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीबरोबर त्या बाईचं रक्त, तिच्या घरातलं मीठ, तिची बाळंतपणं आणि कामासाठी तिला सोडावं लागणारं गाव हे सगळं एकत्र पाहणं. त्यात गोळीची जागा पक्की आहे, पण नुसत्या गोळीने काम भागत नाही.

ही ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेवर फुलपाखरासारखी पसरलेली असते. वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम. रक्तातलं आयोडीन ओढून घेऊन ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं बनवते आणि त्यांच्या जोरावर शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या कामाचा वेग ठरवते. संप्रेरक कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका टीएसएच नावाचा संदेश वाढवते, जास्त झालं की आवरता घेते. म्हणून ग्रंथी सुस्तावलेली असेल तर टीएसएच चढलेला दिसतो आणि ती अतिकाम करत असेल तर घटलेला. पहिल्या प्रकारात थंडी सोसत नाही, कातडी कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, पोट साफ होत नाही, चेहऱ्यावर सूज येते, पाळीत रक्तस्राव जास्त होतो. ही यादी पुन्हा वाचून पाहा. आवाज आणि चेहऱ्यावरची सूज सोडली तर यातलं काय असं आहे, जे कष्टकरी बाई ‘हे असायचंच’ म्हणून सोडून देणार नाही?

रक्तक्षय आणि थायरॉईड यांचं नातं नुसत्या सारखेपणाचं नाही, ते एकमेकांत गुंतलेले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ग्रंथी मंदावली की अस्थिमज्जेत रक्त बनण्याचा वेग कमी होतो, वर पाळीतला रक्तस्राव वाढतो, म्हणजे रक्तक्षयात भर पडते. उलट बाजूने पाहिलं तर आयोडीन संप्रेरकात गुंफणाऱ्या विकराला लोह लागतं. लोह नसेल तर ताटात आयोडीन असूनही ग्रंथीला त्याचा पुरेसा उपयोग करता येत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये गलगंड असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसलं: लोहाची कमतरता असलेल्या मुलांमध्ये आयोडीनचा गुण कमी आला आणि लोह दिल्यावर तो वाढला. यावरून सरळ निघणारी गोष्ट अशी, की महिनोन्‌महिने नेमाने लोहाच्या गोळ्या घेऊनही जिचं हिमोग्लोबिन हलत नाही, तिच्या बाबतीत तीन प्रश्न विचारायला हवेत. ती गोळी खरोखर घेते का? तिची सिकलसेलची तपासणी झाली आहे का? आणि तिचा टीएसएच कुणी पाहिला आहे का? पहिला प्रश्न आपण लगेच विचारतो, बऱ्याचदा दटावून. तिसरा मात्र क्वचितच विचारला जातो.

थायरॉईड हा शहरातल्या बैठ्या कामाच्या, बऱ्या घरातल्या बायकांचा आजार, अशी एक समजूत आहे. ती कशी झाली हे समजण्यासारखं आहे. भारतातल्या ८ शहरांमध्ये ५ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी करून २०१३ मध्ये निष्कर्ष छापले गेले, त्यात सुमारे ११ टक्के लोकांत ग्रंथी मंद असल्याचं आढळलं. त्या शहरांत मुंबईही होती. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो: साडेतीन टक्के लोकांना आपल्याला हा आजार आहे हे तोवर ठाऊकच नव्हतं. जिथे गल्लीच्या तोंडाशी प्रयोगशाळा आहे तिथली ही गत. मग जिथे रक्त तपासायला आधी डांबरी रस्त्यापर्यंत चालायचं, मग सहाआसनी पकडून डहाणू, कासा किंवा तलासरी गाठायचं आणि त्या दिवसाची मजुरी सोडायची, तिथे न कळलेला आजार किती असेल? आजार शहरी दिसतो, कारण तपासणी शहरी आहे.

दुसरी समजूत समुद्राच्या भरवशावरची: डहाणूला समुद्र आहे, मग आयोडीनची काय कमी? समुद्राच्या पाण्यात आयोडीन आहे आणि मासळीतही ते उतरतं, हे खरं आहे. पण मिठागरात पाणी आटून जे खडं मीठ हाती येतं, त्यात आयोडीन नगण्य उरतं. समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीनचं मीठ नव्हे, ही गोष्ट किनाऱ्यावर राहणाऱ्यांनाही ठाऊक नसते. शिवाय डहाणू म्हणजे काही फक्त किनारा नव्हे. बोर्डी, घोलवड, चिंचणीच्या किनाऱ्यावर रोज मासळी दिसेल, पण महामार्ग ओलांडून डोंगराकडे गेलं की ताटात भात, नागली किंवा तांदळाची भाकरी, डाळ आणि बाजाराच्या दिवशी घेतलेलं सुकट. तलासरीचा बहुतेक भाग तर समुद्रापासून लांबच. उतारावरच्या जमिनीतलं आयोडीन पावसाळ्यागणिक धुपून जातं, आणि जे मातीत नाही ते धान्यात कुठून येणार?

म्हणून घरातल्या मिठाकडे बारकाईने पाहायला हवं, आणि ते फार सोपं आहे. आशाताईंना मीठ तपासायची एक छोटी बाटली मिळते. चिमूटभर मीठ ताटलीत पसरायचं, वर द्रावणाचा थेंब टाकायचा. मिठात आयोडेट असेल तर थेंब पडला तिथे जांभळा-निळा डाग उमटतो, आणि प्रमाण जितकं चांगलं तितका तो गडद. खड्या मिठावर थेंब तसाच पांढरा राहतो. गिऱ्हाइकाच्या हाती पडताना मिठात दर दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावं, असा नियम आहे. हिशेब करून पाहा: १ ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाला १० ग्रॅम मीठ पोटात गेलं तर १५० मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाची रोजची गरज तेवढीच असते. गरोदर बाईची २५० पर्यंत जाते. हिशेब असा काठावरचा असताना तेच मीठ चुलीशेजारी, झाकण नसलेल्या डब्यात, पावसाळी दमट हवेत महिनाभर पडून राहिलं तर त्यातलं थोडं आयोडीन उडून जातं. देशभर २०१८-१९ मध्ये झालेल्या आयोडीन सर्वेक्षणात पुरेसं आयोडीन असलेलं मीठ ७६.३ टक्के घरांत सापडलं. म्हणजे जवळजवळ दर चौथ्या घरात ते नव्हतं किंवा अपुरं होतं. रक्तदाबासाठी मीठ कमी करा आणि थायरॉईडसाठी आयोडीनचं मीठ खा, या दोन सल्ल्यांत काही जणांना विसंगती दिसते. ती नाही. मीठ बेतानं खावं, पण जे खावं ते आयोडीनचं आणि झाकण लावून ठेवलेलं.

सक्तीच्या आयोडीनयुक्त मिठाला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं टाकाऊ नाही, ते नीट ऐकायला हवं. गांधींनी ज्या मिठासाठी सत्याग्रह केला ते किनाऱ्यावरच्या गरिबाचं मीठ कायद्याने बाद करायचं आणि पिशवीबंद मीठ त्याच्या माथी मारायचं, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. याच वादात २००० मध्ये केंद्राने साध्या मिठावरची बंदी उठवली आणि २००६ मध्ये ती पुन्हा लागू केली. छोट्या मिठागरवाल्यांना जोडीला घेऊन हे काम व्हायला हवं होतं, एवढं मी मान्य करीन. पण आरोग्याच्या बाजूने पुरावा इतका भक्कम आहे की त्यापुढे दुसरा पर्याय टिकत नाही. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्याचे तीन भाग करून दोन भागांत आयोडीन घातलेलं आणि एका भागात साधं मीठ पुरवलं. काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या दोन्ही भागांतला गलगंड झपाट्याने उतरला. त्याच पायावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. आयोडीन वाढलं की स्वप्रतिकारामुळे होणारे थायरॉईडचे आजार थोडे वाढतात, हा आक्षेपही खरा आहे. डेन्मार्कने २००० मध्ये मीठ-पावात आयोडीन सक्तीचं केल्यावर तिथल्या संशोधकांनी तशी नोंद केली आहे. पण मंदावलेल्या ग्रंथीवर रोजची एक गोळी हा उपाय आहे. आईच्या पोटात आयोडीन न मिळाल्याने बाळाच्या मेंदूचं जे नुकसान होतं, ते नंतर कशानेच भरून येत नाही. तराजूची पारडी समान नाहीत.

खाण्यापिण्याबाबत भीतीच फार पसरली आहे. नागली, कोबी, मुळा खाऊ नका, असं सर्रास सांगितलं जातं. ज्वारी-बाजरीसारख्या धान्यांवरचा संशय मुख्यतः सुदानच्या दार्फूर भागातल्या बाजरीवर झालेल्या कामातून आला, आणि तिथल्या लोकांच्या आहारात आयोडीनच अत्यल्प होतं. आयोडीन पुरेसं असेल तर नेहमीच्या प्रमाणात खाल्लेली नागली किंवा शिजवलेला कोबी ग्रंथीला बाधत नाही. ज्या घरात कॅल्शियम आणि लोहाचा मोठा आधार नागलीच आहे, तिथे थायरॉईडच्या नावाखाली तिला ताटातून हाकलणं म्हणजे बाईला आणखी अशक्त करणं. आयुर्वेदाला गलगंड फार पूर्वीपासून माहीत आहे. सुश्रुतसंहितेत त्याचं वर्णन आहे. पाड्यावरचा भगतही मुळ्या-पाला देतो, आणि त्याच्याकडे जाणं अडाणीपणाचं नाही, कारण तो हाकेच्या अंतरावर असतो आणि माणसाचं ऐकून घेतो. माझा आग्रह एवढाच: जे काही घेतलं जातं ते दवाखान्यात न लाजता सांगता यावं आणि ते ऐकून कुणी खेकसू नये. अश्वगंधेसारखं द्रव्य थायरॉईडच्या पातळ्या वर-खाली करू शकतं, समुद्रशेवाळाच्या गोळ्यांत आयोडीनचा भडिमार असू शकतो. योगासनांनी, चालण्याने झोप आणि मन सुधारतं आणि त्याचं मोल मोठं आहे. पण ज्या ग्रंथीच्या पेशीच नष्ट झाल्या आहेत, ती आसनांनी पुन्हा संप्रेरक बनवू लागत नाही.

सगळ्यात मोठी हानी लहान मुलांची होते, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. जन्मतःच ग्रंथी नसलेलं किंवा निकामी ग्रंथी असलेलं बाळ पहिल्या दिवसांत अगदी गुणी वाटतं: फार रडत नाही, खूप झोपतं, दूध हळूहळू ओढतं, कावीळ लांबते, शी घट्ट होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १ लाखाहून अधिक नवजात बालकांची तपासणी केली तेव्हा सुमारे ११३० बाळांमागे एकात हा दोष आढळला. टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर तो ओळखता येतो आणि पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर मूल इतर मुलांसारखंच वाढतं. उशीर झाला की गेलेली बुद्धी परत येत नाही. मुलांच्या अशा तपासणीसाठीच असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो पालघरमध्येच, जिल्हा होण्याच्या दीड वर्ष आधी. गलगंड त्याच्या मुख्य यादीत आहे, जन्मजात थायरॉईड-दोष मात्र राज्यांच्या मर्जीवर सोडलेल्या आजारांत आहे. माझ्या मते तो मर्जीवर सोडण्याजोगा विषय नाही. थोड्या मोठ्या मुलांमध्ये एक खूण अंगणवाडीच्या तक्त्यावरच दिसू शकते. कुपोषणात आधी वजन घसरतं, उंची मागाहून अडते. थायरॉईड मंद असलेल्या मुलाची उंची अडते, वजन मात्र टिकून राहतं किंवा वाढतं. फक्त वजनच नोंदणाऱ्या तक्त्यात हे मूल ‘ठीक’ म्हणून निसटतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि अंगणवाडीची कल्पना याच मातीत रुजली. ‘मठ्ठ’ म्हणून मागच्या रांगेत बसवलेल्या मुलाची उंची मोजायला हवी, हे या भागाला परकं वाटू नये.

गरोदरपणात पहिले तीन महिने बाळ आईच्याच थायरॉईडवर वाढतं. केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनुसार सगळ्याच गरोदर स्त्रियांची नाही, तर जोखीम असलेल्यांची टीएसएच तपासणी करायची: वारंवार गर्भपात, गळ्यावर सूज, घरात आजार, आयोडीनची कमतरता असलेला भाग. अडचण अशी की नोंदणीच उशिरा झाली तर हे तीन महिने हातचे निघून जातात. बाळंतपणानंतरही ग्रंथी बिघडू शकते. आधी छातीत धडधड आणि चिडचिड, मग काही महिन्यांनी सुस्ती आणि रडू येणं. याला घरात ‘बाधा’ म्हणतात, दवाखान्यात ‘अशक्तपणा’. गळा मात्र क्वचितच पाहिला जातो. गळ्यातल्या मण्यांच्या माळा बाजूला करायच्या, हनुवटी थोडी वर, पाण्याचा घोट गिळायला सांगायचा आणि गिळताना कंठमण्याखाली काही वर सरकतं का ते पाहायचं. एवढ्याला यंत्र लागत नाही. ग्रंथी अतिकाम करत असेल तर भूक असूनही वजन घटतं, हात थरथरतात, घाम सुटतो. वजन घटलं की आपल्याकडे पहिला संशय क्षयरोगाचा येतो आणि तो यायलाच हवा, पण थुंकी निर्दोष आल्यावर शोध थांबू नये. अतिकामावर कार्बिमाझोलची गोळी सुरू असेल आणि ताप किंवा घसादुखी आली, तर गोळी थांबवून लगेच रक्त तपासून घ्यावं लागतं. हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे.

उरला तो आक्षेप नेहमीचा: मंद ग्रंथीवरची थायरॉक्सिनची गोळी एकदा लागली की जन्माची. काही अंशी तो बरोबर आहे. टीएसएच किंचित वाढलेला, टी-४ नीट आणि त्रास काही नाही, अशा माणसाला घाईने गोळी लावू नये. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं की अनेकांचा आकडा आपोआप खाली आलेला असतो. पासष्टी ओलांडलेल्या ७३७ लोकांवर युरोपात झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा किंचित बिघाडाला गोळी दिल्याने थकव्यात काही फरक पडला नाही. गरोदर बाईला हा नियम लागू नाही. पण टीएसएच १० च्या बराच वर आणि टी-४ कमी असेल, तर गोळी म्हणजे व्यसन नव्हे. ग्रंथी जे बनवत होती तेच बाहेरून दिलं जातं. ती पहाटे, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. इथे या भागातला एक खास घोळ आहे. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात, आणि विसरायला नको म्हणून ती तिन्ही एकत्र गिळते. लोह आणि कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, ते रक्तात पुरेसं पोचत नाही. टीएसएच खाली येत नाही, डॉक्टर मात्रा वाढवतात आणि दोष बाईच्या नशिबाला लागतो. मध्ये चार तासांचं अंतर हवं: पहाटे थायरॉईडची, दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियमची, रात्री निजताना लोहाची.

आणि स्थलांतर. भात झोडून झाला, दिवाळी सरली की इथली कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती होळीला परततात. तलासरीची माणसं रोज वापी, उंबरगाव, सिल्वासाकडे कामाला जातात. दवाखान्याच्या वहीत नाव एका राज्यात, रक्ताची चिठ्ठी दुसऱ्या राज्यात. त्यात थायरॉक्सिनची एक सोय आहे: ते शरीरात सावकाश सरतं, निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, म्हणून एखाद्या दिवसाची गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेता येतात, पण महिनाभर सुटली तर सगळी मेहनत वाया जाते. मात्रा बदलल्यावर पुन्हा तपासायचं ते सहा ते आठ आठवड्यांनी. म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला मात्रा ठरली, तर निघण्याआधी एकदा आकडा पाहून घेता येतो. मग चार-पाच महिन्यांच्या पट्ट्या एकदम, भट्टीच्या उन्हापासून लांब ठेवायला झाकणाच्या डब्यात, आणि डब्याच्या झाकणावर चिकटवलेला कागद: गोळीची मात्रा, शेवटचा टीएसएच, तारीख.